रिमोटशिवाय टीव्ही : मेकॅनिकला फोन करण्याआधी

चिपळुणात आणि आसपासच्या गावांत मी टीव्ही दुरुस्त करतो. "टीव्ही बंद पडलाय, लगेच या" असा फोन आला की आता मी आधी एकच विचारतो, "रिमोट कुठाय?" पलीकडे जरा शांतता. मग कळतं की रिमोट नातवाने पाण्याच्या बादलीत टाकला, किंवा गणपतीच्या आवराआवरीत गेला तो गेलाच, किंवा रिमोट आहे पण दाबून दाबून अंगठा दुखला तरी टीव्ही ढिम्म. अशा घरी मी बहुतेक वेळा पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढतच नाही. टीव्हीखाली बोट घालतो, बटण दाबतो, टीव्ही सुरू. मग पैसे मागायची लाज वाटते. मागतो, पण वाटते.

लक्षण नेमकं कोणतं?

"चालत नाही" या दोन शब्दांत किमान सहा वेगळ्या गोष्टी असतात. आपली कोणती ते आधी ठरवा, म्हणजे पुढचं निम्मं वाचायलाच नको.

टीव्हीचा छोटा दिवा लागलेला आहे, पण रिमोट हरवलाय किंवा मेलाय. हे सगळ्यात सोपं प्रकरण.

रिमोटने टीव्ही चालू-बंद होतो, पण बाकीची बटणं काहीच करत नाहीत. किंवा अगदी जवळ जाऊन दाबलं तरच चालतात.

टीव्ही सुरू होतो, पण पडद्यावर 'नो सिग्नल' येऊन थांबतो आणि ते बदलायला रिमोट नाही.

टीव्हीच्या अंगावरची बटणं दाबली तरी काही होत नाही, किंवा 'लॉक' असं काहीतरी लिहून येतं.

टीव्ही आपल्या मनाने वागतो. आवाज वाढत जातो, मेनू उघडतो, चॅनल पळतात.

दिवाच नाही, किंवा दिवा लुकलुकत राहतो.

शेवटच्या दोन प्रकारांत घरच्या घरी करण्यासारखं थोडं आहे. पहिल्या चारांत जवळजवळ सगळं.

दिवा आणि स्विच

हसू नका. आमच्या कोकणात पावसाळ्यात वीज कडाडली की प्लग उपटून ठेवायची सवय आहे, आणि ती चांगलीच आहे. पण कोणी उपटला हे कोणी सांगत नाही. प्लग नीट बसलाय का, एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण चालू आहे का, मध्ये स्टॅबिलायझर असेल तर त्याचा दिवा लागतोय का, हे बघा. शंका असेल तर त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून पाहा.

हे पहिलं का, तर टीव्ही 'बंद' असतो तेव्हाही त्याचा एक छोटा भाग जागा असतो. तोच रिमोटचा इशारा ऐकतो आणि तो जागा असल्याची खूण म्हणजे तो दिवा, बहुतेक टीव्हींत लाल. भिंतीवरचा स्विच बंद असेल तर ऐकणाराच झोपलेला. मग नवा रिमोट आणा, मोबाइलवर अ‍ॅप घ्या, काही उपयोग नाही. (काही टीव्हींत हा दिवा सेटिंगमधून बंद करता येतो. दिवा दिसत नाही म्हणून एकदम घाबरू नका, खाली सांगितलेलं टीव्हीचं बटण दाबून पाहा.)

स्विच चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबा. काही टीव्ही वीज आली की आपोआप सुरू होतात, काही स्टँडबायलाच राहतात. तुमचा आपोआप सुरू होणारा असेल तर सुरू-बंद करायला रिमोट लागणारच नाही. मात्र रोज चालू टीव्हीचा स्विच असा मारत बसू नका. अँड्रॉइड टीव्ही म्हणजे आतून कॉम्प्युटरच आहे, अपडेट चालू असताना वीज गेली तर तो कायमचा अडकून बसू शकतो.

टीव्हीचं स्वतःचं बटण

जवळजवळ प्रत्येक टीव्हीला बटण असतं. लोक मान्य करत नाहीत. "आमच्या टीव्हीला बटण नाहीच हो," असं खेर्डीतल्या एक काकू मला चार वर्षं सांगत होत्या. बटण होतं, कंपनीच्या नावाच्या बरोबर खाली, त्याच काळ्या रंगाचं, हरभऱ्याएवढं. टीव्ही दिसायला गुळगुळीत हवा म्हणून कंपन्या ते दडवतात. पूर्वीच्या डबा टीव्हीत समोर झाकण असायचं, ते दाबलं की आत सहा बटणं ओळीने. आता बोटाने चाचपावं लागतं.

चाचपायचा क्रम असा. आधी खालच्या कडेला मधोमध, नावाच्या पट्टीखाली. नाही सापडलं तर पडद्याकडे तोंड करून उभे राहा आणि उजव्या बाजूच्या कडेमागे, खालच्या कोपऱ्यात हात घाला. मग डाव्या बाजूला तसंच. टीव्ही भिंतीवर असेल तर तो ओढू किंवा वाकवू नका. मोबाइल कडेमागे धरून फ्लॅश लावून फोटो काढा आणि फोटोत शोधा. माझं निम्मं काम याच युक्तीवर चालतं.

सापडलं की ते कसलं आहे ते बघा. तीन तऱ्हा असतात.

जुन्या एलईडी टीव्हींना ओळीने पाच-सहा बटणं असतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे छोटी काडी किंवा घुंडी, जी चारी बाजूंना हलते. एलजी आणि सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींत ही दिसते. मधोमध दाबली की टीव्ही सुरू. सुरू असताना परत हलकं दाबलं की छोटा मेनू येतो, घुंडी सरकवून त्यात फिरायचं. एरवी एका दिशेने आवाज, दुसऱ्या दिशेने चॅनल. दाबून धरली की बंद.

तिसरी तऱ्हा लोकांना सगळ्यात जास्त छळते, ती म्हणजे एकच बटण. यात नुसतं टिचकीसारखं दाबलं की मेनूतली खूण पुढच्या चित्रावर जाते आणि जरा दाबून धरलं की ते चित्र निवडलं जातं. म्हणजे टिचकीने 'पुढे', दाबून धरलं की 'हेच'. हे एकदा हातात बसलं की आवाज, चॅनल, इनपुट (म्हणजे चित्र कुठल्या वायरीतून घ्यायचं ते) सगळं जमतं. वेळ लागतो. घाईत पाच-सहा टिचक्या मारल्या की खूण पुढे निघून जाते आणि परत सगळा फेरा. काही टीव्हींवर मात्र हे एकटं बटण फक्त चालू-बंदच करतं, त्यांना पुढचे उपाय.

एक सावधगिरी. बटण दाबून धरलेलं असताना प्लग लावू नका. काही अँड्रॉइड टीव्हींत यामुळे दुरुस्तीचा वेगळाच पडदा उघडतो आणि तिथे चुकून भलतं निवडलं तर सगळं पुसलं जातं.

बटण दाबल्यावर 'लॉक' दिसत असेल तर टीव्ही बिघडलेला नाही, कोणीतरी कुलूप लावलंय. लहान मुलांसाठी असं कुलूप मेनूत असतं. लॉजवरून जुना विकत घेतलेला टीव्ही असेल तर बहुधा 'हॉटेल मोड' चालू असतो. त्यात अंगावरची बटणं बंद, आवाज एका मर्यादेपुढे जात नाही, इनपुट बदलत नाही. गिऱ्हाईक म्हणतं स्पीकर गेलाय. हे कुलूप उघडायला त्याच कंपनीचा रिमोट लागतो, त्यामुळे इथून थेट नव्या रिमोटच्या भागाकडे जा.

रिमोट आहे, पण मेलाय

सेल बदलले, असं सगळे सांगतात. कुठले घातले विचारलं तर भिंतीवरच्या घड्याळातले काढून घातलेले असतात. घड्याळाला अगदी थोडी वीज पुरते, रिमोटच्या दिव्याला क्षणभर जास्त ओढ लागते. घड्याळ टिकटिकतंय म्हणून सेल चांगला, असं नसतं. दोन्ही नवे, एकाच जातीचे घाला. एक नवा आणि एक जुना घातला तर जुना लवकर फुटतो आणि आतली तार खातो.

तार म्हणजे ती स्प्रिंग. तिच्यावर पांढरं-हिरवं मीठ साचलेलं दिसलं तर कानकोरणीच्या कापसावर लिंबाचे दोन थेंब घेऊन पुसा, मग कोरड्या फडक्याने, मग तासभर वाळू द्या.

आता रिमोटमधून उजेड निघतोय का ते बघू. रिमोटचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतो. कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे करा, पॉवरचं बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत. मागच्या कॅमेऱ्याने नाही दिसलं तर सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा, कारण बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर हा प्रकाश अडवणारी काच असते. ही परीक्षा फुकट आहे आणि एका मिनिटात दोष रिमोटचा की टीव्हीचा ते सांगते. म्हणून नवा रिमोट घ्यायच्या आधी ही करायचीच.

कधी कधी उलटं दिसतं. काहीच न दाबता ठिपका चालूच असतो. म्हणजे एखादं बटण आत रुतलंय. चहा सांडलेला असतो, नाहीतर रबर चिकट झालेलं असतं. असा रिमोट दोन-चार दिवसांत नवे सेल खातो आणि समोर असेपर्यंत दुसऱ्या रिमोटलाही धड चालू देत नाही. सेल काढून ठेवा. रिमोट उघडता आला तर रबर आणि खालची पाटी कोरड्या कापडाने पुसा.

ठिपका दिसतोय, तरी टीव्ही ऐकत नाही

मग टीव्हीच्या डोळ्यासमोर काहीतरी आहे. हा डोळा बहुधा खालच्या कडेला, लाल दिव्याशेजारी असतो. साउंडबार आणला आणि नेमका त्याच्यापुढे ठेवला, हे आता नेहमीचं झालंय. दुकानातून आलेली चिकटपट्टी, विणलेलं झाकण, फोटोला घालून उरलेला हार, सगळं बघितलंय मी.

दुसरं कारण म्हणजे प्रकाश. बहुतेक रिमोटचा उजेड सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो आणि डोळा तेवढीच लय ओळखायला शिकवलेला असतो. संध्याकाळचं ऊन थेट त्याच्यावर आलं, किंवा समोर जुनी ट्यूब, सीएफएल दिवा, गणपतीची स्वस्तातली लुकलुकती माळ असली की त्या गोंगाटात रिमोटचा आवाज बुडतो. माळ बंद करून बघा. "सणाच्या दिवसांतच टीव्ही बिघडतो" अशी तक्रार असलेलं एक घर मी असंच माळेची वायर काढून बरं केलं.

फक्त पॉवरचं बटण चालतं आणि बाकीची नाहीत, असं असेल तर तुमचा रिमोट बहुधा ब्लूटूथचा आहे. अशा अनेक रिमोटांत पॉवरचं बटण जुन्या पद्धतीने प्रकाशावर चालतं आणि उरलेलं सगळं ब्लूटूथवर. टीव्ही आणि रिमोटची ओळख पुसली गेलीय, ती परत करून द्यायची. बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींत 'होम' आणि 'बॅक' एकत्र दाबून धरायचे, काहींत 'होम' आणि मेनूचं बटण. फायर स्टिक (टीव्हीमागे लावायची अ‍ॅमेझॉनची कांडी) असेल तर एकटं 'होम' दहा सेकंद. रिमोट टीव्हीजवळ धरून करा. मला हे जमायलाही कधी कधी दोन-तीन प्रयत्न लागतात.

'नो सिग्नल'

टीव्ही चुकीच्या खिडकीतून बघतोय, एवढाच याचा अर्थ. सेट टॉप बॉक्सची वायर टीव्हीमागच्या 'एचडीएमआय १' खाचेत आणि टीव्ही बघतोय 'एचडीएमआय २' कडे. टीव्हीच्या बटणाने इनपुट बदला. बटण फक्त चालू-बंदच करत असेल तर बॉक्सची वायर काढून एकेका खाचेत लावून बघा. टीव्ही ज्या खाचेकडे बघतोय ती सापडली की चित्र येईल. वायर सरळ खेचा, हलवत हलवत नको, त्या खाचा नाजूक असतात आणि बदलायला मेन बोर्ड बाहेर काढावा लागतो.

केबलच्या किंवा डिशच्या रिमोटवर वरच्या बाजूला 'टीव्ही' लिहिलेली चार-पाच बटणं असतात. ती शिकणारी असतात. मूळ रिमोट तोंडाशी तोंड लावून ठेवला की त्याचे इशारे ती उचलतात. मूळ रिमोट हरवल्यावर याचा काही उपयोग नाही. ज्यांचा अजून शाबूत आहे त्यांनी हे आजच करून घ्या, केबलवाला दोन मिनिटांत करून देतो.

मोबाइल, माऊस आणि वाय-फायची गंमत

तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनच्या वरच्या कडेला छोटा काळा ठिपका आहे का? शाओमी, रेडमी, पोकोच्या बऱ्याच फोनांत रिमोटसारखाच दिवा असतो, आणि 'मी रिमोट' अ‍ॅपमध्ये टीव्हीची कंपनी निवडली की काम होतं. टीव्हीला इंटरनेट लागत नाही, टीव्ही स्मार्ट असावा लागत नाही. गल्लीत असा एक फोन असतोच.

नसेल तर वाय-फायचा रस्ता. अँड्रॉइड टीव्हीला 'गूगल टीव्ही' अ‍ॅप, सॅमसंगला 'स्मार्टथिंग्ज', एलजीला 'थिंक्यू'. फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत. पडद्यावर आकडा येतो, तो फोनमध्ये टाकायचा. सॅमसंग परवानगी विचारतो, ती टीव्हीच्या बटणाने द्यावी लागते.

खरी अडचण पुढेच आहे. राउटर बदलला, पासवर्ड बदलला, आणि आता टीव्हीला नवं वाय-फाय सांगायला रिमोटच नाही. यावर मला आवडणारी युक्ती : एका फोनवर हॉटस्पॉट चालू करा आणि त्याला जुन्या वाय-फायचं नाव, जुनाच पासवर्ड द्या. अक्षरन् अक्षर तेच, लहान-मोठी लिपीसुद्धा. टीव्हीला वाटतं जुना राउटर परत आला, तो मुकाट्याने जोडला जातो. दुसरा फोन त्याच हॉटस्पॉटला जोडून त्यावरून अ‍ॅप चालवा. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, साध्या टीव्हींना ५ चा कळत नाही. जुना पासवर्ड आठवत नसेल तर राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढा.

याहून सोपं म्हणजे कॉम्प्युटरचा माऊस. अँड्रॉइड टीव्हीच्या यूएसबी खाचेत लावला की पडद्यावर बाण येतो. डावं बटण म्हणजे ओके, आणि उजवं बहुतेक ठिकाणी मागे नेतं. एलजीच्या स्मार्ट टीव्हीतही चालतो. पोरांच्या कॉम्प्युटरचा पाच मिनिटं उसना घ्या, वाय-फाय जोडा, अ‍ॅप जुळवा, परत द्या. टीव्ही बंद असताना मात्र माऊसने तो सुरू होईलच असं नाही, त्याला अंगावरचं बटणच.

फायर स्टिक असेल तर तिच्या रिमोटने टीव्हीही सुरू होऊ शकतो. एचडीएमआयच्या वायरीतून एक उपकरण दुसऱ्याला उठवू शकतं. सॅमसंग याला 'एनीनेट प्लस' म्हणतं, एलजी 'सिंपलिंक', सोनी 'ब्राव्हिया सिंक'. टीव्हीच्या मेनूत ते चालू केलेलं हवं.

नवा रिमोट

टीव्हीमागच्या पट्टीवरच्या मॉडेल नंबरचा फोटो काढा आणि तोच दुकानदाराला दाखवा. "बत्तीस इंची, काळा" एवढ्यावर बरोबर रिमोट मिळत नाही, एकाच कंपनीचे दहा प्रकार असतात. जुना तुटका रिमोट असेल तर तोही न्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मॉडेलप्रमाणे काढून देतात, आमच्याकडेही मागवून मिळतो. साधा रिमोट दोन-तीनशेत होतो, बोलून चालणारा ब्लूटूथचा महाग. कंपनी अनोळखी असेल तर युनिव्हर्सल घ्या, पण त्याने आवाज-चॅनल चालेल, मेनू आणि अ‍ॅपची बटणं चालतीलच असं नाही. दुकानातून निघण्याआधी कॅमेऱ्याने ठिपका बघून घ्या.

इथे थांबा

बोर्डात वीज आहे, तरी दिवा नाही आणि बटणाने काहीच होत नाही. दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो आणि परत लुकलुकतो. आतून टिक-टिक येते, किंवा जळका वास. या तिन्हींत बिघाड आतला आहे. प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

आवाज येतो पण पडदा काळा, हेही 'सुरू होत नाही' म्हणून सांगतात. अंधार करून पडद्यावर जवळून टॉर्च मारा. पुसट चित्र हलताना दिसलं तर टीव्ही सुरूच आहे, मागचे दिवे गेलेत. रिमोटवर पैसे घालवू नका.

आपोआप आवाज वाढणं, मेनू उघडणं हा आमच्या दमट हवेचा खास रोग. टीव्हीच्या बटणांच्या छोट्या पाटीत ओल शिरते आणि बटण दाबल्यासारखंच राहतं. मग टीव्ही रिमोटचंही ऐकत नाही आणि लोक तीन-तीन रिमोट घेऊन थकतात. सुटा भाग अगदी स्वस्त, पण टीव्ही उघडावा लागतो, आणि उघडायचा तो मीच किंवा माझ्यासारख्याने. टीव्हीत येते ती वीज २३० व्होल्टची, आतल्या पॉवर सप्लायमध्ये ती ३०० च्या वर जाते, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथल्या कपॅसिटरमध्ये बसून राहते. मला दोनदा बसलाय झटका. गॅरंटीत असेल तर मलाही उघडू देऊ नका, कंपनीच्या माणसालाच बोलवा.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर लोकांनी पाण्यात राहिलेले टीव्ही उन्हात वाळवून प्लग लावून बघितले. पुराचा चिखल वाळला तरी आत वीज वाहू देतो. जे लावायच्या आधी घेऊन आले त्यांतले काही वाचले, लावून बघितलेले जवळजवळ सगळे गेले.

फोन कराल तेव्हा मॉडेल नंबरचा फोटो पाठवा आणि दिवा कुठल्या रंगाचा आहे, किती वेळा लुकलुकतो ते मोजून सांगा. काही कंपन्यांत त्या आकड्यावरूनच कुठला भाग गेलाय ते कळतं, आणि मी निघताना तोच भाग पिशवीत टाकतो.